समान अक्षरक्रम आणि मराठी शब्दखेळ

कोल्हापूर, महापूर, भरपूर आणि कापूर हे चार शब्द एका ओळीत मांडले असता त्यांच्या शेवटी आलेली 'पूर' ही दोन अक्षरे डोळ्याला आणि कानाला एकाच क्षणी जाणवतात. परंतु ती चारही ठिकाणी एका घराण्यातली नाहीत. नगराच्या नावातील 'पूर' हा मूळचा संस्कृत 'पुर', म्हणजे वस्ती. पावसाळ्यात पंचगंगेला येणारा पूर हा संस्कृतातच दीर्घ असलेला, भरून वाहण्याच्या अर्थाचा. 'भरपूर' त्याच दुसऱ्या कुळाकडे झुकतो. आणि 'कापूर' हे 'कर्पूर' या शब्दाचे झिजलेले रूप असल्यामुळे त्यात ना नगर आहे ना जलौघ. इतकेच नव्हे, तर या शब्दांना 'त' हा प्रत्यय लावताच 'कोल्हापुरात' आणि 'महापुरात' अशी रूपे सिद्ध होतात, आणि त्यांतली 'पुरात' ही तीन अक्षरे 'पुरातन' व 'पुरातत्त्व' या सर्वस्वी निराळ्या शब्दांच्या आरंभी जशीच्या तशी उभी असलेली दिसतात. समान अक्षरक्रमाचा खेळ मी म्हणतो तो हाच.

अमुक अक्षरे लागोपाठ ज्यांत येतात असे शब्द कोणते, त्यांतले सर्वांत लांब कोणते, कोणता अक्षरक्रम दुर्मीळ आणि कोणता विपुल, या प्रश्नांचा इंग्रजी भाषेच्या शब्दखेळाडूंनी मोठ्या चिकाटीने पाठपुरावा केला आहे आणि त्यांच्यासाठी तशा याद्यांचे ग्रंथही सिद्ध झाले आहेत. मराठीत या विषयाला स्वतंत्र नाव नाही. तथापि त्याची सामग्री काव्यशास्त्रात, कोशांत, दप्तरांत, मुलांच्या भेंड्यांत आणि वृत्तपत्रांच्या कोड्यांत विखुरलेली असून, ती एकत्र पाहिल्यास आपल्या भाषेत हा प्रश्न इंग्रजीहून जुना आणि काही अंशी इंग्रजीहून अधिक खोल आहे, असे माझे मत झाले आहे.

इंग्रजीची बाजू प्रथम थोडक्यात पाहू. आडव्या-उभ्या शब्दांचे कोडे आर्थर विन यांनी न्यूयॉर्क वर्ल्ड या पत्रात २१ डिसेंबर १९१३ रोजी छापले, आणि पुढे १ फेब्रुवारी १९३० रोजी लंडनच्या टाइम्सनेही आपले पहिले शब्दकोडे प्रसिद्ध केले. त्याच सुमारास, मंदीच्या काळात काम गेलेले अमेरिकन वास्तुविशारद आल्फ्रेड बट्स यांनी वृत्तपत्रांच्या पानांवर कोणते अक्षर किती वेळा येते याची मोजदाद करून त्यावरून एक खेळ रचला, आणि तोच १९४८ पासून स्क्रॅबल या नावाने बाजारात आला. त्याच्या इंग्रजी संचात एकूण १०० सोंगट्या असून त्यांतल्या २ कोऱ्या आहेत; आणि अनेकवचन करणारा 'एस' हा वर्ण कोणत्याही शब्दाच्या शेपटीला सहज चिकटतो म्हणून त्याच्या सोंगट्या अवघ्या ४ ठेवल्या आहेत. भाषेच्या प्रत्ययव्यवस्थेवर खेळाच्या नियमाने घातलेला हा लगाम मला फार विचारपूर्वक घातलेला वाटतो.

परंतु इंग्रजीत अक्षरक्रम ही मुख्यतः डोळ्याची वस्तू आहे. ओ, यू, जी, एच हे चार वर्ण ज्या शब्दांच्या पोटी वा शेवटी येतात, त्यांचे उच्चार नागरी लिपीत उतरवले तर थ्रू, दो, टफ, कॉफ, बाउ आणि थॉट असे होतात. कागदावर चार वर्ण समान आणि कानाला एकही नाही. नागरी लिपीत डोळा आणि कान यांची अशी फारकत सहसा होत नाही, म्हणून आपल्याकडे समान अक्षरक्रम म्हटला की तो बहुधा समान ध्वनिक्रमही असतो. अपवाद आहेत, आणि ते मोठे रमणीय आहेत: 'जग' म्हणजे विश्व आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, हे दोन शब्द एकाच रीतीने लिहिले जात असले तरी पहिल्यातला ज तालव्य आणि दुसऱ्यातला दंततालव्य, त्यामुळे अस्सल मराठी कान त्यांना यमकासाठी एकत्र बसवताना क्षणभर थबकतो.

आता मुख्य अडचण येते ती एककाची. क्रम म्हणजे एकामागून एक येणाऱ्या घटकांची मालिका. तेव्हा घटक कोणता, हे आधी ठरवावे लागते. 'कोल्हापूर' या शब्दात अक्षरे चार: को, ल्हा, पू, र. वर्ण सुटे केले तर मात्र क्, ओ, ल्, ह्, आ, प्, ऊ, र्, अ असे नऊ भरतात, आणि त्यांतला शेवटचा अ मराठी माणूस उच्चारीतच नाही. संगणकाच्या स्मृतीत तिसराच हिशेब चालतो: तेथे 'क्ष' हे एक अक्षर नसून क, हलन्ताचे चिन्ह आणि ष अशा तीन संकेतांची जोडणी असते, आणि 'कि' लिहिताना वेलांटी कागदावर आधी दिसत असली तरी यंत्रात ती क-नंतर साठवली जाते. परिणामी यंत्राला 'ष' शोधायला सांगितले तर ते 'पक्षी' आणि 'रक्षण' हेही शब्द पुढे करते, ज्यांत शब्दकोडे सोडवणाऱ्या कोणालाही ष दिसणार नाही. शब्दखेळाच्या दृष्टीने यांपैकी अक्षर हाच घटक ग्राह्य धरावा, असे मी निःशंकपणे म्हणेन. आपले कोडे एका घरात एक अक्षर मागते, आपली छंदोरचना अक्षरे मोजते, लहान मूल बाराखडी अक्षरांनी शिकते. यंत्राच्या सोयीसाठी ही परंपरागत मोजणी सोडून देण्याचे काही प्रयोजन नाही.

या मोजणीवर ज्याने आयुष्यभर हुकमत गाजवली तो पुरुष कोल्हापूरपासून काही कोसांवर जन्मला. मोरोपंत रामचंद्र पराडकर यांचा जन्म १७२९ साली पन्हाळगडावर झाला. घराणे मूळचे राजापूर भागातील सौंदळचे. अध्ययन पन्हाळ्यासच केशव पाध्ये आणि गणेश पाध्ये या बंधूंपाशी. पुढे ते बारामतीस बाबूजी नाईकांच्या आश्रयाला गेले आणि १७९४ च्या चैत्रात तेथेच निवर्तले, त्यामुळे त्यांचे नाव लोक बारामतीशी जोडतात. परंतु ज्या वयात शब्द कानात मुरतात ते त्यांचे वय पन्हाळ्यावर गेले, हे करवीर, म्हणजे कोल्हापूर, प्रांताने विसरू नये. पन्हाळ्यावर आज त्यांच्या नावाचे ग्रंथालय आहे, ही समाधानाची गोष्ट होय.

यमक म्हणजे ध्वनींचा तोच समूह त्याच क्रमाने पुन्हा येणे, आणि दोन्ही ठिकाणी त्याला अर्थ असेल तर तो अर्थ भिन्न असणे, अशी साहित्यशास्त्राची व्याख्या आहे. ही व्याख्या आणि शब्दखेळाडूचा समान अक्षरक्रम यांत अंतर किती थोडे आहे ते पाहावे. मोरोपंतांच्या आर्येत दोन्ही अर्धांच्या शेवटी दोन, तीन, कित्येकदा चार अक्षरे तंतोतंत जुळतात; पहिल्या अर्धात जो एक सबंध शब्द असतो तोच दुसऱ्या अर्धात दोन शब्दांच्या सांध्यावर, एकाचे शेपूट आणि दुसऱ्याचे डोके मिळून, पुन्हा प्रकट होतो. सांध्यावरचा हा अक्षरक्रम कोणत्याही कोशात सापडत नाही, कारण कोश सुटे शब्द देतो आणि सांधा वाक्यात जन्मतो. म्हणून मोरोपंतांची करामत पाठांतराची नव्हे, तर भाषेच्या चालत्या प्रवाहात अक्षरांची रांग ओळखण्याची आहे. यांखेरीज दामयमक म्हणून एक प्रकार आहे, ज्यात एका चरणाच्या शेवटची अक्षरे पुढच्या चरणाच्या आरंभी येतात आणि सगळी रचना साखळीप्रमाणे जोडली जाते. आजच्या अंत्याक्षरीचे हे प्रौढ रूपच म्हणावे लागेल.

त्यांच्या नावावर १०८ रामायणे सांगितली जातात आणि त्यांतल्या अनेकांत एखादे अक्षरबंधन पाळलेले आहे. मंत्ररामायणात रामनामाच्या तेरा अक्षरी मंत्राची अक्षरे क्रमाने गुंफली आहेत. निरोष्ठ रामायणात तर ओठांनी उच्चारावयाचे वर्णच वर्ज्य केले आहेत. या बंधनाचा अर्थ नीट ध्यानात घेतला म्हणजे छाती दडपते: पवर्ग सोडायचा म्हणजे म सोडायचा, आणि म सोडला की 'राम' हा शब्दच उच्चारता येत नाही. लक्ष्मण गेला, भरत गेला, हनुमान आणि बिभीषण गेले. नावांपैकी सीता, दशरथ, जनक, कैकेयी आणि लंका एवढीच थोडी शिल्लक राहतात, आणि तरीही रामकथा सांगायची. या युक्तीला संस्कृतात पूर्वाधार आहे. दंडीच्या दशकुमारचरितात ओठ दुखावलेला मंत्रगुप्त आपली सबंध हकीकत ओष्ठ्य वर्णांवाचून सांगतो. दंडीने तेथे कथेतच कारण दिले आहे. मोरोपंतांनी कारण दिले नाही, भक्तीच्या भरात एक अधिक नियम अंगावर घेतला.

यमकावरून मोरोपंतांवर टीका पुष्कळ झाली. अर्थाची ओढाताण होते, अन्वय लागत नाही, संस्कृत शब्दांचा भरणा अतोनात होतो, हे आक्षेप निराधार नाहीत. त्यांच्या पूर्वी वामनपंडितांना तर लोकांनी 'यमक्या वामन' असेच म्हटले होते. उलटपक्षी विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेत मोरोपंतांच्या कवितेचे विस्तृत समर्थन केले. काव्य म्हणून निर्णय काय द्यायचा तो रसिकांनी द्यावा. माझा मुद्दा वेगळा आहे. मराठीत कोणती अक्षरे कोणत्या अक्षरांशेजारी बसू शकतात, याचा एवढा विस्तृत प्रत्यक्ष प्रयोग दुसऱ्या कोणी केलेला नाही, आणि तो अभ्यासाची सामग्री म्हणून अद्याप कोणी उपसलेला मला दिसत नाही.

समान अक्षरक्रमाचे शास्त्रीय वर्गीकरण याहून कितीतरी जुने आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात यमकाचे दहा प्रकार सांगितले आहेत, आणि कालिदासानेही रघुवंशाच्या नवव्या सर्गात यमकाची हौस पुरवून घेतली आहे. परंतु शब्दखेळाडूला काव्यशास्त्रापेक्षा अधिक उपयोगी पडेल ती कोशपरंपरा. आपले आजचे कोश शब्दांच्या आरंभावरून लावलेले असतात. मोल्सवर्थचा १८३१ चा कोश घ्या, त्याची सुमारे ६०,००० शब्दांची १८५७ ची दुसरी आवृत्ती घ्या, अथवा दाते-कर्वे यांचा १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत निघालेला महाराष्ट्र शब्दकोश घ्या. 'अनु' किंवा 'परि' यांनी सुरू होणारे शब्द क्षणात सापडतील, पण 'वट' या अक्षरांनी संपणारे सजावट, बनावट, लिखावट हे शब्द शोधायचे झाल्यास सबंध ग्रंथ पालथा घालण्यावाचून गत्यंतर नाही. अमरसिंहाने ही अडचण ओळखली होती. अमरकोशाच्या तिसऱ्या कांडातील नानार्थवर्गात शब्द त्यांच्या शेवटच्या व्यंजनावरून लावले आहेत: प्रथम ककारान्त, मग खकारान्त, मग गकारान्त. मेदिनीकोशाने एक पाऊल पुढे टाकून प्रत्येक अंत्य व्यंजनाखाली पुन्हा अक्षरसंख्येप्रमाणे पोटविभाग केले. शेवटी क असलेले दोन अक्षरी शब्द एका ठिकाणी, तीन अक्षरी दुसऱ्या ठिकाणी. शेवटचे अक्षर अमुक आणि घरे इतकी, हा जो आजच्या कोड्याचा नित्याचा प्रश्न, त्याचे उत्तर देण्याची सोय त्या मध्ययुगीन ग्रंथात सिद्ध आहे. अरबीतही अल्-जौहरीच्या सिहाह या दहाव्या शतकातील कोशाने धातूच्या शेवटच्या अक्षरावरून मांडणी स्वीकारली आणि पुढील मोठ्या कोशांनी ती चालू ठेवली. कवीला यमक हवे असते आणि कोशकार त्याची सोय करतो, हे दोन दूरच्या संस्कृतींत सारख्याच रीतीने घडले.

करवीर प्रांतापुरते बोलायचे तर येथील शब्दविद्येची नोंदही लहान नाही. शिलाहार राजा दुसरा भोज याच्या कारकिर्दीत, १२०५ साली, सोमदेव नावाच्या जैन पंडिताने शब्दार्णवचंद्रिका हा व्याकरणग्रंथ आजुरिका येथे, म्हणजे आजच्या आजऱ्यास, पूर्ण केला.

शब्दसंपत्तीचा यानंतरचा थर फारसी अंमलाचा, आणि समान अक्षरक्रमाच्या दृष्टीने तो सर्वांत श्रीमंत. राज्यकारभाराच्या भाषेने मराठीला सुटे शब्द तर दिलेच, परंतु शब्द घडवण्याचे साचेही दिले. सुभेदार, किल्लेदार, फौजदार, ठाणेदार, मामलेदार, इनामदार, जहागीरदार, हवालदार ही सगळी पदे 'दार' या दोन अक्षरांवर संपतात, कारण धारण करणारा या अर्थाचा तो फारसी प्रत्यय होय. परंतु शब्दांची यादी करू लागल्यावर त्याच दोन अक्षरांखाली उदार येतो, मंदार येतो, जोतिबाचे नाव म्हणून या भागात घरोघरी घेतला जाणारा केदार येतो, आणि देवदार येतो, ज्यातला 'दार' हा लाकूड या अर्थाच्या संस्कृत 'दारु'चा अवशेष आहे. घराचे दार निराळेच. ते 'द्वार' या शब्दाचे. तसेच 'गिरी': मुलुखगिरी, शिपाईगिरी आणि कारागिरी एका बाजूला, नीलगिरी आणि धवलगिरी दुसऱ्या बाजूला, एकात धंदा, दुसऱ्यात पर्वत. 'खाना' हा घर वा स्थान दाखवणारा शब्द जामदारखाना, नगारखाना, तोफखाना, फरासखाना, दवाखाना, कारखाना अशा कितीएक ठिकाणी आहे. आणि ज्या खानावळींसाठी कोल्हापूरची ख्याती आहे त्या खानावळीच्या आरंभीही हीच अक्षरे आहेत, परंतु तेथे संबंध खाण्याशी आहे.

सर्वांत सुंदर उदाहरण मला 'नीस' या प्रत्ययाचे वाटते. लिहिणारा या अर्थाच्या फारसी शब्दावरून आलेला हा अंश सबनीस, पोतनीस, जमेनीस, पारसनीस यांत न घेऊन राहिला. चिटणीस आणि फडणीस यांत मात्र मराठी जिभेने त्या न-चा ण केला. परिणामी एकच प्रत्यय दोन अक्षरक्रमांत विभागला गेला, आणि दुसऱ्या शाखेच्या पंगतीला कणीस आणि एकोणीस हे शब्द येऊन बसले, ज्यांचा दप्तराशी अर्थाअर्थी काही संबंध नाही. अक्षरसाम्य आणि कुलसाम्य या दोन भिन्न वस्तू आहेत. नातेवाईक विभक्त होतात आणि परके एका रांगेत उभे राहतात. ही ओळख ज्या खेळातून होते तो खेळ मी करमणुकीच्या सदरात टाकायला तयार नाही. शाळेत प्रत्यय आणि उपसर्ग यांची कोष्टके मुलांकडून घोकून घेतली जातात. त्याऐवजी 'दार'ने संपणारे शब्द जमवा आणि त्यांची घराणी वेगळी करा, असे सांगितले तर व्याकरण त्यांच्या हाती आपण होऊन येईल. संस्कृताची बाजूही अशीच हाताळता येते: आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार, उपहार, व्यवहार या मालिकेत एक धातू उपसर्गागणिक किती दूरदूरचे अर्थ धारण करतो हे दिसते, आणि गळ्यातला हार त्याच धातूचा, उलट मल्हार हा शब्द त्या पंगतीचा नव्हे.

या फारसी थराविषयी मराठी मनात दुविधा फार जुनी आहे. शिवाजीमहाराजांच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या राजव्यवहारकोशाने दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. विसाव्या शतकात हाच वाद पुन्हा पेटला, आणि त्याचे एक केंद्र कोल्हापूर होते, कारण माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, १९२८ पासून पुढील दशकभर येथील राजाराम महाविद्यालयात अध्यापन करीत होते. ज्यांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश तयार केला त्यांनीच १९३८ साली भाषाशुद्धि-विवेक लिहून परकीय शब्दांच्या बहिष्काराचा पक्ष घेतला. त्या पक्षाशी मी सहमत नाही. 'दार' आणि 'खाना' उपटून काढले तर मराठीच्या अक्षरसाखळीतल्या कड्यांमागून कड्या निखळतील. परंतु त्याच गृहस्थांनी गज्जलांजलीतून फारसी काव्यबंध मराठीत रुजवला, हे ऋण मोठे आहे. गझलेत रदीफ म्हणजे दर दुसऱ्या ओळीच्या शेवटी जशीच्या तशी येणारी अक्षरे, काफिया म्हणजे त्याच्या आधीचे यमक, आणि त्या यमकापूर्वीचा स्वरदेखील अढळ राहिला पाहिजे असा दंडक; म्हणजे शेवटून मोजत गेल्यास तीन निरनिराळ्या तऱ्हेच्या बंधनांचा एक अक्षरक्रम. त्यांच्या छंदोरचना या ग्रंथाची सुधारलेली आवृत्ती १९३७ साली निघाली आणि त्यासाठी मुंबई विद्यापीठाने त्यांना डी. लिट. ही पदवी दिली. वृत्तांचा जसा त्यांनी संपूर्ण हिशेब मांडला तसा यमकांचा हिशेब मांडणारा कोणी त्यांच्यामागून कोल्हापुरात झाला असता तर हा लेख लिहिण्याची गरज उरली नसती.

लोकांच्या तोंडी असलेल्या खेळांत भेंड्यांचे स्थान पहिले. गाण्याच्या, श्लोकांच्या, गावांच्या भेंड्या लावाव्यात, ज्या अक्षरावर एका पक्षाने थांबावे त्यावरून दुसऱ्याने उचलावे, आणि जो अडला त्याच्यावर भेंडी चढवावी, हा क्रम महाराष्ट्रात घरोघरी परिचित आहे. येथे समान अक्षरक्रम अवघ्या एका अक्षराचा असतो, तरी भाषेचे एक मोठे रहस्य त्यातून उघड होते: मराठीत शेवटी येणारी आणि आरंभी येणारी अक्षरे सारख्या प्रमाणात नाहीत. ळ आणि ण शब्दाच्या शेवटी विपुल, आरंभी मुळीच नाहीत. म्हणून खेळाडूंनी परस्पर संमतीने ळ-चा ल आणि ण-चा न मानण्याची सूट कधीच मान्य करून टाकली आहे. कोल्हापूर जिल्ह्याचे बारा तालुके घेतले तर शिरोळ या ळ-वर थांबतो, आणि शाहूवाडी, गगनबावडा, भुदरगड व चंदगड असे चार तालुके ड-वर येऊन ठेपतात. ड-ने सुरू होणारी गावे डहाणू, डोंबिवली अशी दोन-चार सांगून होताच प्रतिपक्षाची त्रेधा उडते. गड आणि वाडे यांनी भरलेल्या या मुलुखातील मुलांच्या हाती हे आयते शस्त्र आहे. लग्नकार्यातला उखाणाही याच जातीचा: घ्यावयाचे नाव ठरलेले असते, आणि त्याच्याशी जुळणारी अक्षरे आधीच्या ओळीत पेरावी लागतात.

शब्दकोड्यांचा इतिहास मात्र न्यायालयापर्यंत गेला. बक्षिसांच्या शब्दकोड्यांचे स्वातंत्र्याच्या आगेमागे मुंबई इलाख्यात एवढे पेव फुटले की १९४८ साली मुंबई सरकारने त्यांवर नियंत्रण आणि कर बसवणारा कायदा केला, आणि १९५५ साली संसदेने स्वतंत्र कायदा करून बक्षिसाची रक्कम महिन्याला १,००० रुपयांच्या आत आणि प्रवेशिका २,००० च्या आत आणल्या. चमारबागवाला खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली निर्णय दिला की जुगाराला व्यापाराचे संरक्षण नाही, आणि संसदेचा कायदा ज्या स्पर्धांत यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून नसते अशांनाच लागू आहे. कौशल्य आणि नशीब यांतली ही सीमारेषा अखेर अक्षरक्रमावरच येऊन थांबते. 'मा' या अक्षरापुढे एक घर मोकळे ठेवून अर्थसूचक वाक्य संदिग्ध ठेवले, तर माळ, माल, मान, माप, मार, माठ, माज, माघ यांपैकी कोणताही शब्द बसू शकतो. मग सोडवणाऱ्याची विद्या कामाची राहत नाही, आणि आयोजकाच्या पाकिटात काय लिहिले आहे यावर पैज लागते. उत्तम कोडेकार म्हणून त्यासच म्हणावे, जो एका घराच्या आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही बाजू अशा बांधतो की संशयाला जागा राहू नये.

मराठी कोडेकारापुढे आणखी एक प्रश्न असतो, तो लेखनाचा. साहित्य महामंडळाचे नियम १९६२ साली शासनाने स्वीकारले आणि १९७२ साली त्यांत भर पडली. त्यांनी अनुच्चारित अनुस्वार गेले, शब्दान्तीचे इकार-उकार दीर्घ झाले, आणि गावांच्या नावांतला 'पूर' दीर्घ लिहावयाचा हेही ठरले. त्यामुळे आज 'कवी' हा शब्द 'कविता'च्या पोटात सापडत नाही, 'गुरू' हा 'गुरुकुल'मध्ये सापडत नाही, आणि 'गूळ' तर गुळपोळी, गुळवणी, गुळचट यांपैकी कशातच सापडत नाही, कारण समासात आणि सामान्यरूपात तो ऱ्हस्व होतो. मूळ शब्दाचे तोंडच जेथे प्रत्यय लागताना बदलते, तेथे इंग्रजीच्या धर्तीवर शब्दात शब्द शोधण्याचा नियम जसाच्या तसा चालणार नाही. माझ्या मते ऱ्हस्वदीर्घाचा भेद अशा खेळापुरता समान धरावा, अनुस्वार मात्र काटेकोर ठेवावा. कारण ऱ्हस्वदीर्घ पुष्कळदा अक्षराच्या जागेवरून ठरते, परंतु 'वश' आणि 'वंश' यांत फरक अर्थाचा आहे. सोंगट्यांचा खेळ मराठीत उतरवू पाहणाऱ्यांचीही गाठ याच प्रश्नाशी पडते: ३४ व्यंजने धरली तरी बाराखडीची अक्षरे ४०८ होतात, जोडाक्षरे निराळीच, तेव्हा सोंगटीवर व्यंजन छापून मात्रा खेळाडूने मनाने लावाव्यात, हाच व्यवहार्य मार्ग दिसतो.

राहता राहिला कोश. मराठी शब्दांची शेवटच्या अक्षरावरून लावलेली आणि अक्षरसंख्येने विभागलेली सूची सिद्ध करण्याचे काम पूर्वी एका माणसाच्या आयुष्याबाहेरचे होते. आज दाते-कर्वे कोशाची शब्दसंपत्ती यंत्रात भरल्यावर मांडणी यंत्र करील, आणि माणसाला फक्त निवड व शोधन करावे लागेल. १८५० पासून चालत आलेले करवीर नगर वाचन मंदिर आणि १९६२ साली स्थापन झालेले शिवाजी विद्यापीठ ज्या नगरात आहेत, त्या नगराने हे काम अंगावर घेणे उचित ठरेल. मांडणी मेदिनीकोशाची ठेवावी, म्हणजे आधी अंत्य अक्षर आणि मग घरे. क्ष आणि ज्ञ यांना काही कोशांप्रमाणे क आणि ज यांच्या पोटी न घालता स्वतंत्र स्थान द्यावे. सामान्यरूपे मूळ शब्दाखाली नोंदवावीत. आणि प्रत्येक गटात प्रत्ययाने जुळलेले शब्द व योगायोगाने जुळलेले शब्द वेगळ्या खुणेने दाखवावेत, म्हणजे चिटणीस आणि कणीस एकाच पानावर, परंतु निरनिराळ्या खुणांखाली, छापले जातील.